दुपारी आलेलं नाक

१

"बुद्धाला नाक आलं! अहो, बुद्धाला नाक आलं!"

राखणदार असा ओरडत आला तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई झाडाखाली शब्दकोडं पुढ्यात घेऊन केळं सोलत होत्या. ते केळं हातात तसंच धरून त्या अनवाणी पळत सुटल्या आणि पुढचा बराच तपास त्यांनी केळं हातात घेऊनच केला.

नाक खरंच आलं होतं.

सकाळी ते नव्हतं. त्या जुन्या नगरीच्या मधोमध एक प्रार्थनागृह होतं, म्हणजे कधीकाळी होतं. आता कमरेएवढ्या विटांच्या भिंती, खांबांचे बुंधे आणि वर उघडं आभाळ एवढंच उरलेलं. मध्ये बैठकीवर माणसाएवढा दगडी बुद्ध. लांब कान शाबूत, अर्धे मिटलेले डोळे शाबूत. फक्त नाकाच्या जागी उथळ खळगा. गाईडने सकाळी तिथे उभं राहून सांगितलं होतं, "कोणी म्हणतं स्वारी आली तेव्हा फोडलं, कोणी म्हणतं वीज पडली, कोणी म्हणतं नुसतं झिजत गेलं. तुम्हाला परवडेल ते घ्या."

आता त्या खळग्यावर पांढरंफटक मेणाचं नाक बसलेलं होतं. करड्या दगडावर ते भलतंच उठून दिसत होतं.

वाईट गोष्टी एकेकट्या येत नाहीत, जोडीने येतात. पुरातत्त्व खात्याच्या अधिकारीबाई नेमक्या त्याच दुपारी पाहणीला आल्या. वयाने तरुण, इस्त्रीचे कपडे, आणि तशाच कडक. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, राखणदाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "फाटक बंद असताना आत कोण होतं?"

दुपारी ऊन चढलं की फाटक बंद ठेवायचा नियम होता. पण सहलीला आलेल्या या मंडळींनी तेवढा वेळ कुठे जायचं, म्हणून गाईडने राखणदाराला गळ घातली होती आणि सगळ्यांनी आतल्या मोठ्या झाडाखाली डबे उघडले होते. आत होते ते इतकेच. डॉक्टरीणबाई. त्यांची नणंद, वन्सं. निवृत्त साहेब, जे कुठल्या कचेरीचे साहेब होते हे कोणी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की ते सांगत सुटतील अशी भीती होती. चित्रकलेचे मास्तर आणि मास्तरीणबाई. आणि फाटकापाशी गाईड आणि राखणदार.

अधिकारीबाईंनी हात पुढे केला. "गाईड, तुमचा बिल्ला."

गाईडने छातीवरचा पितळी बिल्ला काढला. काढताना पिन बोटाला टोचली, तरी तो हूं की चूं करेना.

"मंडळी तुमची, जबाबदारी तुमची. संध्याकाळी फाटक लागायच्या आत हे कोणी केलं ते कळलं तर ठीक. नाहीतर हा परत मिळायचा नाही."

२

गाईड झाडाखाली येऊन बसला. एरवी उंच धरलेला पिवळा झेंडा त्याने मांडीवर आडवा ठेवला.

"बिल्ला गेला तर फाटकाबाहेर टोप्या विकेन," तो म्हणाला. "टोप्या विकण्यात कमीपणा नाही. पण टोपीवाल्याला खांबांच्या गोष्टी कोण विचारणार हो? आणि या गोष्टी मी ठेवू कुठे?"

मास्तर चटकन उठले, "मी काय म्हणतो..." म्हणाले, झाडापलीकडे डुलकी घेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र तिथेच ठरवलं. उभं आयुष्य त्यांनी अशा लोकांना प्रश्न विचारले होते, ज्यांना तोंड उघडं असूनही उत्तर देता येत नव्हतं. "दुखतंय का?" विचारलं की "आँ आँ" एवढंच. आता समोर चांगली बोलती तोंडं होती, अशी संधी त्या थोडीच सोडणार?

"आपण शोधू," त्या म्हणाल्या. "अधिकारीबाई, चालेल ना?"

"शोधा. मूर्तीला मात्र हात लावायचा नाही."

सुरुवात साहेबांपासून झाली. कारण सकाळी कॅमेरा डोळ्याला लावून सगळ्यांच्या देखत तेच म्हणाले होते, "इतका सुंदर चेहरा आणि फोटो वाया! कोणी तात्पुरतं का होईना, नाक लावून का देत नाही?"

"म्हणून काय मी लावीन?" साहेब फणकारले. "ती एक सूचना होती. मी जन्मभर सूचना केल्या. अंमलबजावणी दुसरे करायचे."

"दुपारी कुठे होतात?"

"स्तूपाच्या मागे. प्रकाशाचा अभ्यास करत होतो."

"साहेब," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या वरच्या उजव्या शेवटच्या दाढेची टोपी सैल झालीय. घरी गेल्यावर दाखवून घ्या."

साहेबांचं तोंड मिटलं.

"तुम्ही माझ्या समोर झाडाला टेकून, आ वासून झोपला होतात. डब्याची झाकणं लागली तेव्हापासून राखणदार ओरडेपर्यंत. मी शब्दकोड्यात अडकले की तुमच्या दाढा पाहत होते. सवय जात नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी... घोरत होतो?"

"नाही हो."

"म्हणजे घोरत होतो," साहेब खचून म्हणाले.

एक संशयित असा गळाला. बाकी कोण कधी उठून गेलं, हे मात्र शब्दकोड्याच्या नादात डॉक्टरीणबाईंनाही कळलं नव्हतं. गाईड आणि राखणदार एकमेकांचे साक्षीदार होते. दोघे फाटकाशी बसून सगळा वेळ पाण्याच्या पंपाशी झटत होते आणि पंपाला घातलेल्या शिव्या झाडापर्यंत ऐकू येत होत्या.

इतक्यात राखणदार मूर्तीकडून परत आला. हातात चुरगळलेला गुलाबी कागद होता. "हे बैठकीच्या मागे मिळालं. आतून मेणकट आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. त्याच गुलाबी कागदातला मेणबत्त्यांचा पुडा त्यांनी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी वन्संच्या पिशवीत पाहिला होता.

३

या सहलीला खरं तर डॉक्टरीणबाईंचे यजमान येणार होते. पण प्राचीन नगऱ्या म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणजे गुडघे, असं म्हणून त्यांनी आपल्या जागी बहीण पाठवली होती. "तेवढीच तुम्हा दोघींची करमणूक," ते म्हणाले होते. हे बोलताना ते मनापासून हसत होते, हे डॉक्टरीणबाई विसरल्या नव्हत्या.

त्यांनी वन्संना खांबाच्या आडोशाला नेलं.

"वन्सं, हा कागद तुमचा."

"माझा कशावरून?"

"वन्सं."

"बरं, माझा!" वन्संचा आवाज चढला. "मी गेले होते तिकडे. पण नाक मी लावलेलं नाही. मी गेले तेव्हा तिथे नाकच नव्हतं, शपथ."

"मग मेण घेऊन कशाला गेलात?"

वन्सं पदराशी चाळा करत राहिल्या. मग एका दमात म्हणाल्या, "गाडीत उन्हाने सगळ्या मेणबत्त्या वितळून त्यांचा गोळा झाला. तू म्हणाली होतीस, पिशवी खिडकीशी ठेवू नका. आता तो गोळा तुझ्यासमोर काढला असता, तर तू म्हणाली असतीस की मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंच."

"हेच! हेच ते! यासाठी मी गुपचूप गेले. मेणबत्ती नाही तर नाही, मेण तरी वाहू म्हटलं. दिवे लावायच्या दगडावर गोळा ठेवला, हात जोडले आणि आले. कागद उडाला असेल."

"गोळा मऊ होता?"

"लोण्यासारखा. उन्हात दगड काय तापलेत! माझे पाय बघ."

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले नाहीत, चेहरा पाहिला. वन्सं खोटं बोलल्या की त्यांची जीभ उजव्या गालात जाते, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. आत्ता जीभ जागेवर होती.

शिवाय आणखी एक होतं. वन्सं म्हणजे पोलक्याच्या अस्तराचा रंग जुळवायला कापडवाल्याची सगळी ठाणं उघडायला लावणारी बाई. धागा एक छटा फिका निघाला तर उसवून पुन्हा शिवणारी. या बाईने करड्या दगडावर पांढरं नाक ठेवून तिथून पाऊल उचललं असतं? जीव गेला असता तिचा.

पण हे अधिकारीबाईंना कसं पटावं? कागद पाहून त्या उठल्याच होत्या. "म्हणजे यांनीच केलं. प्रश्न मिटला."

"मिटला कसा?" डॉक्टरीणबाई आडव्या आल्या. "मेण यांचं आहे. नाक कोणाचं ते अजून कुठे कळलंय? मला एकदा हात स्वच्छ धुऊन ते नाक तपासू द्या. दगडाला नाही, नाकाला हात लावते. ते काही तुमच्या खात्याचं नाही."

अधिकारीबाईंनी थोडा विचार केला. नाक खात्याचं नाही, हे नियमाने खरं होतं.

४

मूर्तीपाशी सगळे जमले. मास्तरीणबाई तेवढ्या झाडाखाली राहिल्या. त्यांची नजर काही वर्षांपूर्वी गेली होती. त्या काळा चष्मा लावत, छत्री घेत, आणि मास्तरांच्या कोपराला धरून सगळीकडे फिरत. खरं तर ही दुपार त्यांचीच होती. गाईडने सकाळीच आनंदाने सांगितलं होतं, "बाईंसाठी खास परवानगी मिळालीय. ज्यांना दिसत नाही त्यांना इथे मूर्तीला हात लावून बघता येतं. जेवणं झाली की लावू." आता या गोंधळात ते राहूनच गेलं होतं.

"मास्तर," अधिकारीबाई म्हणाल्या, "तुम्ही चित्रकलेचे. तुम्हाला काय वाटतं?"

मास्तरांनी घसा खाकरला. "काम वाईट आहे," ते नाकाकडे न पाहता म्हणाले. "रंगाचा पत्ता नाही. शेजारी उदबत्तीची एवढी राख पडलीय. चिमूटभर मेणात मळली असती तरी दगडाशी जुळून गेलं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे कळतं."

हे सगळ्यांनाच पटलं. चित्रकार असं काम कशाला करेल? साहेबांनी मान हलवली, वन्संनी तर जोरात हलवली.

डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. डोळ्यांनी पाहिलं तर नाक खरोखर वाईट दिसत होतं. मग त्यांनी सवयीने केलं ते एवढंच, की डोळे मिटले. मागच्या दाढेत सिमेंट भरताना दिसतं काय? आरशातला अंधार. तिथे बोटाने आणि नखानेच बघावं लागतं. भरलेलं सिमेंट आणि दात यांच्या सांध्यावरून नख फिरवायचं. अडकलं तर काम कच्चं.

त्यांनी नाकाच्या कडेवर नख ठेवलं आणि हळूच कपाळाकडे नेलं. मग एका गालाकडे. मग दुसऱ्या.

नख कुठेच अडकलं नाही.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मेण कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो, हे बोटाला सांगता येत नव्हतं. नाकपुडीची वळणं, वरच्या ओठाकडे उतरणारी बारीक पन्हळ, सगळं नेमकं जमलेलं. इतकं गुळगुळीत काम त्यांना स्वतःला उमेदीच्या काळातही कधी जमलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा तेच वेडंबिद्रं पांढरं नाक.

"अजब आहे," त्या पुटपुटल्या. "डोळ्यांना नापास, बोटाला पहिला नंबर."

"म्हणजे?" गाईडने विचारलं.

"म्हणजे हे ज्याने केलं, त्याच्या लेखी रंग ही वस्तूच जगात नाही. फक्त स्पर्श आहे."

बोलून गेल्यावर त्यांचे शब्द त्यांच्याच कानावर आले. सगळ्यांचेच डोळे एकदम झाडाकडे वळले. तिथे काळा चष्मा लावून मास्तरीणबाई शांतपणे काकडी खात बसल्या होत्या.

मास्तरांचा चेहरा मूर्तीवरच्या मेणासारखा झाला. "तिला काही विचारू नका," ते म्हणाले. "कृपा करा. तिला यातलं काही विचारू नका."

५

विचारणं तर भाग होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि गाईड बोलायचा थांबला होता. कुठल्याही गाईडसाठी हे लक्षण बरं नाही.

डॉक्टरीणबाई एकट्याच झाडाखाली जाऊन बसल्या.

"या डॉक्टर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काकडी घ्या. केळं किती वेळ धरून ठेवणार?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पिकलेल्या केळ्याचा वास आधी येतो, मग तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी केळं खाऊन टाकलं. मग सरळ विचारलं. "मास्तरीणबाई, नाक तुम्ही लावलंत?"

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की छत्री हलायला लागली. "मी? अहो, मी कशाला लावू? माझ्या बुद्धाला नाक होतंच की."

"होतं?"

"सकाळी होतं. चाफेकळीसारखं, असं हे म्हणाले. मग दुपारी 'नाक आलं, नाक आलं' म्हणून बोंब झाली. मी यांना विचारलं, अहो, सकाळी असलेलं नाक दुपारी येतं कसं? तर म्हणाले, ते दुसऱ्याच कुठल्यातरी मूर्तीचं चाललंय. मी म्हटलं, बरं."

डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली. गाईड सकाळी नाक फुटल्याची गोष्ट सांगायला लागला तसे मास्तर बायकोला घेऊन लगबगीने पुढे गेले होते. कालच्या नगरीतही तसंच. गाईड तोंड उघडायचा आणि मास्तर चार पावलं लांब. तिथून त्यांचं चाललेलं असायचं, "समोर सात मजली विहार, गं. वर सोनेरी कळस. छताला कमळं रंगवलीयत, निळी आणि केशरी." डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं, मास्तर जुन्या काळचं वर्णन वाचून दाखवतायत. किती छान, असंही वाटलं होतं.

"तुमच्या नगरीला काय काय आहे?" त्यांनी जपून विचारलं.

"विचारू नका. सगळं आहे. तुटकं म्हणून काही नाहीच. दारं चंदनाची, खांबांना सोन्याचा पत्रा. सकाळी प्रार्थनागृहात शिरलो, तर म्हणाले, आत आलोय, डोक्यावर छत आहे, आता छत्री मीट." मास्तरीणबाईंनी आवाज खाली आणला. "डॉक्टर, माझं डोकं तापलं होतं ना! छताखाली कधी टाळू भाजते? आणि टाळी वाजवून पाहिली, तर आवाज गेला तो गेला, परत काही आला नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? इथे यायचं आम्ही लग्न झाल्यापासून ठरवत होतो. आधी मुलं, मग यांची शाळा, मग माझे डोळे. डोळे गेल्यावर हे माझ्याशी नुसतं 'पायरी आहे', 'उंबरा आहे' एवढंच बोलायचे. घरात दुसरं बोलणंच नाही. आणि इथे आल्यापासून बघा! मजल्यावर मजले चढवतायत. आवाज पंचवीस वर्षांच्या पोरासारखा झालाय. तो कळस मी कशाला उतरवू?"

डॉक्टरीणबाईंचं कोडं सुटलं होतं, आणि सुटलेलं कोडं त्यांच्या हातात नेमकं त्या नाकासारखं मऊ लागत होतं. जोरात दाबलं तर बिघडणार.

"पण एक सांगायचं राहिलं," त्या अखेर म्हणाल्या. "या भानगडीत गाईडचा बिल्ला काढून घेतलाय. नाक कोणाचं ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर त्याचं काम जाईल."

मास्तरीणबाईंचं हसू मावळलं. "हे मला कोणी सांगितलं नाही."

त्यांनी छत्री मिटली आणि हात पुढे केला. "चला. मला तिथे घेऊन चला."

६

प्रार्थनागृहात अधिकारीबाई घड्याळाकडे पाहत होत्या. डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणबाईंना भिंतीशी, सगळ्यांच्या मागे, वन्संजवळ उभं केलं आणि वन्संना डोळ्यांनीच दटावलं. वन्सं जन्मात पहिल्यांदा न विचारता गप्प बसल्या.

"माझी एक चूक झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे नाक कोणी केलं, तेच मी शोधत राहिले. कोणासाठी केलं, हे आधी विचारायला हवं होतं. बघा, मेण दगडावर आयतं मिळालं. राख शेजारीच होती, पण वापरली नाही. का? घाई होती आणि रंगाची गरज नव्हती. सांधा मात्र असा मिळवलाय की नखाला लागत नाही. सगळी मेहनत तेवढ्यासाठीच. म्हणजे हे नाक पाहण्यासाठी नव्हतंच. जेवणानंतर कोणीतरी या चेहऱ्यावरून बोटं फिरवणार होतं, त्या बोटांसाठी होतं. मग लगेच काढूनही टाकायचं असेल. राखणदार मध्येच आला म्हणून राहिलं."

साहेब म्हणाले, "पण मास्तरीणबाईंना कळलं तर काय बिघडत होतं? फुटलेलं आहे, तर फुटलेलं आहे."

"थांबा," मास्तर म्हणाले.

ते पुढे झाले. एरवी फळ्यापाशी ताठ उभा राहणारा माणूस, आत्ता मागच्या बाकावरच्या पोरासारखा उभा होता. "गाईडभाऊ, मला माफ करा. दुपारपासून मी दहा वेळा उठलो आणि बसलो. नाक माझं आहे. मी हिला दोन दिवस खोटं सांगतोय. या नगरीत मोडकं काही नाही असं सांगितलंय. तिला इतक्या उशिरा आणलं, डोळे गेल्यावर आणलं, आणि वर ढिगारे दाखवू? जीभ रेटेना. मग एक मजला चढवला, की दुसरा चढवावाच लागतो. आज ती हात लावणार म्हटल्यावर..." त्यांनी अधिकारीबाईंपुढे हात जोडले. "मला काय ती शिक्षा करा. फक्त हिला सांगू नका."

"हिला कळलंय," भिंतीकडून आवाज आला.

मास्तर गर्रकन वळले.

"पहिल्या दिवशीच कळलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सात मजली विहाराच्या सगळ्या मजल्यांवरून वारा येत होता. अहो, निदान एखादी भिंत तरी खरी बांधायची!"

आधी वन्सं हसल्या. मग गाईड. मग साहेब, तोंडावर हात धरून, कारण दाढेची टोपी. मास्तर तेवढे खाली मान घालून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसतायत की रडतायत हे कोणालाच कळेना. बहुधा त्यांनाही.

अधिकारीबाई हसल्या नाहीत. "मास्तर, ते काढा," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः. दगडावर ओरखडा उठला, तर मी तुमचं काही ऐकणार नाही."

मास्तरांनी हात धुतले. अंगठ्याच्या उबेने कड सैल केली, आणि नाक अलगद हातात आलं. अधिकारीबाईंनी वाकून भिंग लावून पाहिलं, मऊ फडक्याने जागा पुसली, पुन्हा पाहिलं. मग खिशातून बिल्ला काढून गाईडच्या हातावर ठेवला.

"पुढच्या वेळी दुपारी सगळे माझ्या नजरेसमोर बसतील," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "आणि परवानगी दिलेली आहे, ती अजून रद्द झालेली नाही."

मास्तरीणबाईंचे हात वन्संनी धुऊन पुसून दिले. मास्तरांनी त्यांना बैठकीपाशी नेलं. बोटं कपाळावरून खाली आली, भुवयांच्या कमानीवरून उतरली आणि खळग्यात थांबली. बराच वेळ तिथेच फिरत राहिली.

"गुळगुळीत झालंय," त्या म्हणाल्या. "किती जणांनी इथे बोट ठेवून पाहिलं असेल, नाही?"

मग बोटं आणखी खाली गेली, ओठांवर, ओठांच्या कडेवर, आणि तिथे गेल्यावर मास्तरीणबाई एकदम मागे वळल्या.

"अहो! हे हसतायत!"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग हे सांगितलं का नाहीत? सोन्याचा पत्रा सांगितलात, चंदन सांगितलंत. जे खरोखर आहे तेवढं मात्र गाळलंत?"

मास्तर ओशाळले. "राहून गेलं गं. नाकाच्या काळजीत तिकडे लक्षच गेलं नाही."

बाहेर पडताना गाईडने बिल्ला लावला, झेंडा उचलला, आणि पुढच्या अंगणात सगळ्यांना उभं करून बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. "मास्तर, आज तुम्ही सांगा," तो म्हणाला. "आहे तसं."

मास्तरांनी बायकोचा हात कोपरात घेतला.

"समोर... काही नाही. म्हणजे मोठं मोकळं अंगण. गवत. खांबांच्या दोन रांगा, सगळे अर्धेच. काही कमरेएवढे, काही गुडघ्याएवढे. तिसऱ्या खांबावर एक शेळी उभी आहे."

"झालं सुरू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, खरंच शेळी आहे!"

"खांबावर?"

"चारी पाय एकत्र घेऊन! गाईडभाऊ, सांगा ना!"

"आहे हो बाई," गाईड म्हणाला. वन्सं म्हणाल्या, आहे. साहेब म्हणाले, फोटो काढलाय. पण मास्तरीणबाई ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. दोन दिवसांत त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं. आणि ती शेळी, एरवी विनाकारण ओरडणारी जात, या घटकेला तोंडातून आवाज काढायला तयार नव्हती.

"दाखवा," मास्तरीणबाईंनी तळहात पुढे केला.

मास्तर त्यांना गवतातून हळूहळू खांबापाशी घेऊन गेले. शेळीने मान खाली घातली, तळहात हुंगला, काकडीचा वास आवडला असावा म्हणून चाटलाही. मास्तरीणबाईंनी तिच्या कपाळावरून, कानांवरून, दोन्ही शिंगांवरून बोटं फिरवली. काम चोख आहे की नाही हे पाहत असल्यासारखी, सावकाश.

"आहे," त्यांनी निकाल दिला. "हं, आता पुढे सांगा."